गांजा : हलकी नशा, अवघड सुटका

वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे ती असणं स्वाभाविकच म्हणायचं. बंदी असूनही दारू मिळते, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पण या बंदीचा एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. इथल्या बोलण्यात ‘व्यसन’ या शब्दाचा अर्थ दारू असाच होऊन बसला आहे. बायकांचे मोर्चे, पोलिसांनी फोडलेल्या गावठीच्या भट्ट्या, शाळेतली पथनाट्यं, सगळीकडे खलनायक एकच. खर्ऱ्याला तर कुणी व्यसन म्हणतच नाही. आणि गांजाला काय म्हणायचं, हे आपलं अजून ठरलेलं नाही.

मी वर्ध्याला लागूनच, सावंगी (मेघे) इथे राहते. १९९० साली इथे वैद्यकीय महाविद्यालय निघालं, विनोबांच्या नावाचं ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं, आणि मग इतर अभ्यासक्रम येत गेले. आज देशभरातली मुलं इथे शिकतात; भाड्याच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं आणि चहाच्या टपऱ्या यांवर गावाचा बराचसा संसार चालतो. व्यसन सोडू पाहणारी माणसं आणि त्यांच्या घरचे यांच्याशी बोलणं, हे माझं काम. या कामात एक वाक्य मी अनेक घरांतून ऐकलं आहे. यवतमाळकडच्या एका शेतकरी वडिलांनी ते आपल्या भाषेत असं सांगितलं : “मॅडम, पोरगं दारू तं नाही पीत ना. गांजाच ओढते. त्याचं व्यसन लागत नाही म्हन्ते.”

शेजारी बसलेला मुलगा मान हलवत होता. त्याचं एक वर्ष वाया गेलं होतं, दुसरं जाण्याच्या बेतात होतं. मी त्याला विचारलं, “कधी सोडून पाहिला?” तो म्हणाला, “पाहिला ना. आठ दिवस बंद केला होता. त्या आठ दिवसांतच समजलं की मला त्याची गरज आहे.” (ओळख पटू नये एवढा बदल मी तपशिलांत केला आहे.)

बापाचं वाक्य आणि मुलाचं वाक्य एकाच खोलीत, पाच मिनिटांच्या अंतराने बोललं गेलं. एक म्हणतं व्यसन लागत नाही, दुसरं म्हणतं त्याच्याशिवाय चालत नाही. ही दोन्ही वाक्यं प्रामाणिक आहेत. ती एकत्र कशी नांदतात, हे समजून घेतलं तर गांजा सोडणं अवघड का जातं, तेही समजतं.

व्यसनाचं आपलं चित्र

मराठी वाचकाच्या मनातलं व्यसनाचं चित्र दोन पदार्थांनी रंगवलं आहे. पहिला अर्थातच दारू. दुसरा गर्द. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात शिरली आणि चांगल्या घरांतली मुलं बघता बघता हाताबाहेर गेली. अनिल अवचटांनी ‘गर्द’मधून ते जग मराठीत आणलं. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं; त्यामागे पु. ल. देशपांडे यांची मदत होती. तिथून ‘टर्की’ हा शब्द आपल्याकडे रुळला. गर्द बंद केल्यावर हाडं ठणकतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, उलट्या-जुलाब होतात, माणूस जमिनीवर लोळतो. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली की हात कापतात, भास होतात, फिट येऊ शकते, प्रसंगी जीवही जातो.

या दोन चित्रांवरून आपण एक व्याख्या नकळत बनवून टाकली : जे सोडताना शरीर थरथरतं, ते व्यसन. या कसोटीवर गांजा दर वेळी निर्दोष सुटतो. तो बंद केल्याने कुणाला फिट येत नाही. शिवाय त्याच्यामागे जुनी प्रतिष्ठा आहे. महादेवाच्या यात्रेतला गोसावी, चिलमीला गुंडाळलेली ओली छापी, शिवरात्रीची भांग. ही दृश्यं आपल्या ओळखीची आहेत, आणि ओळखीच्या गोष्टीची भीती वाटत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीची चौकशी

हा प्रश्न सरकारदरबारी पहिल्यांदा नीट विचारला गेला तो १८९३ साली. हिंदुस्थानातले वेड्यांचे दवाखाने गांजेकसांनी भरले आहेत, अशी तक्रार ब्रिटिश संसदेत झाली आणि तिच्या चौकशीसाठी डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमला गेला. त्यात तीन हिंदी सभासद होते. तेव्हा वर्धा मध्य प्रांतात होतं, आणि त्या प्रांतात गांजाची लागवड परवान्याने, निमाड जिल्ह्यात खांडव्याकडे होत असे. मुंबई इलाख्यात ती मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होती. गांजा हे सरकारी उत्पन्नाचं एक रीतसर साधन होतं.

कमिशनने अकराशेहून जास्त साक्षी नोंदवल्या. साक्षीदारांना पाठवलेल्या प्रश्नांच्या लांबलचक यादीत एक प्रश्न असा होता की ही सवय सहज जडते का, आणि ती मोडणं अवघड जातं का? म्हणजे आज माझ्यासमोर बसलेला बाप विचारतो, तोच. वेड्यांच्या दवाखान्यांचे कागद त्यांनी मुळापासून तपासले. १८९२ सालच्या ज्या २२२ रुग्णांच्या नावापुढे ‘गांजामुळे वेड’ असं लिहिलं होतं, त्यांपैकी केवळ ९८ जणांच्या बाबतीत ते कारण मान्य करण्यासारखं निघालं. बाकीच्यांचं कारण पोलिसाने किंवा कारकुनाने रकाना भरायचा म्हणून भरलेलं होतं. १८९४च्या अहवालाचा निष्कर्ष असा की मर्यादित सेवनाने बहुतेकांना म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि अतिसेवन करणारे तुलनेने थोडे असतात. म्हणून सरसकट बंदी नको, कर आणि परवान्याने नियंत्रण ठेवा.

गांजाच्या बाजूने बोलणारे आजही या अहवालाचा दाखला देतात. पण ते त्यातलं पहिलं अर्धं वाक्य वाचतात आणि थांबतात. ‘अतिसेवन करणारे थोडे’ याचा अर्थ ‘कुणीच नाही’ असा होत नाही. त्या थोड्यांचं काय होतं, आणि आपण त्यांच्यात मोडतो हे माणसाला कधी कळतं, हा प्रश्न त्या उत्तरानंतरही शिल्लक राहतो.

थोडे म्हणजे किती?

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीवर आधारलेला जेम्स अँथनी आणि सहकाऱ्यांचा १९९४ सालचा अभ्यास या बाबतीत वारंवार उद्धृत होतो. एखादा पदार्थ आयुष्यात कधी ना कधी घेतलेल्यांपैकी किती जण त्याच्या आहारी गेले, हे त्यांनी मोजलं. तंबाखू ३२ टक्के, हेरॉइन २३, कोकेन १७, दारू १५, गांजा ९. सतराव्या-अठराव्या वर्षाआधी सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण साधारण सहात एक इतकं वाढतं, असं त्यानंतरच्या अभ्यासांतून मानलं जातं. रोज ओढणाऱ्यांत ते त्याहूनही जास्त असतं.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं दिसलं. त्यांपैकी साधारण ७२ लाखांचं सेवन मदतीची गरज पडावी, इतकं त्रासदायक होतं. भांग घेणारे संख्येने जास्त. पण अडकणाऱ्यांचं प्रमाण गांजा-चरस ओढणाऱ्यांत अधिक.

म्हणजे ‘व्यसन लागतं का’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं एका शब्दाचं उत्तर नाही. बहुतेकांना लागत नाही. काहींना लागतं, आणि ते काही थोडेथोडके नाहीत. अडचण अशी की न लागणारा माणूस आपला अनुभव सांगतो आणि लागलेला माणूस तो पुरावा म्हणून वापरतो. खोलीतल्या चौघांपैकी तिघं परीक्षा आली की बंद करतात, चौथ्याला ते जमत नाही, आणि तो चौथा इतर तिघांकडे बोट दाखवून म्हणतो, “बघा, यांना कुठे लागलंय?”

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. चिलमीत काय किंवा कागदाच्या सुरळीत काय, गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो. वरच्या यादीत तंबाखूचा क्रमांक पहिला आहे, हे विसरून चालणार नाही. मुलगा सांगतो की त्याला गांजाची तलफ येते. त्यातली किती तलफ गांजाची आणि किती तंबाखूची, हे त्यालाही वेगळं काढता येत नाही. गांधीजींनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ आगाखान पॅलेसमधल्या कैदेत लिहिली. तिच्यातल्या मादक पदार्थांवरच्या प्रकरणात त्यांनी दारू, भांग, गांजा, तंबाखू आणि अफू यांना एका ओळीत बसवलं होतं. आपण मात्र त्यातल्या दारूपाशीच अडकून पडलो.

‘आनंद’ नावाचं रसायन

गांजाची नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध रूपात वेगळं केलं. ते मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला आणखी चोवीस वर्षं गेली. १९८८ साली मेंदूतल्या पेशींवर त्याला बसण्याजोग्या जागा सापडल्या. कुलपाची खाच म्हणा. त्यांना सीबी-१ असं नाव आहे. मग प्रश्न आला : निसर्गाने आपल्या मेंदूत ही खाच गांजासाठी थोडीच केली असेल? शरीराची स्वतःची किल्ली असलीच पाहिजे. ती १९९२ साली मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली, आणि संशोधकांनी तिला नाव देताना संस्कृतातला ‘आनंद’ शब्द घेतला. आनंदामाइड.

भूक, झोप, वेदना, भीती विसरणं, राग आवरणं या सगळ्यांचे कमीजास्त सूर लावण्यात या व्यवस्थेचा वाटा आहे. आनंदामाइड गरजेपुरतं तयार होतं आणि लगेच मोडतं. टीएचसी मात्र बाहेरून येतं, भरपूर येतं आणि रेंगाळतं. रोज असा पूर आला की मेंदू आपल्या परीने बंदोबस्त करतो. तो खाचांची संख्या कमी करतो. रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं काढून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मेंदूच्या बाह्य भागांत या खाचा सुमारे वीस टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. म्हणूनच पूर्वी दोन झुरक्यांत भागायचं तिथे पुढे चार लागतात.

आता समजा, अशा माणसाने गांजा बंद केला. बाहेरची किल्ली गेली, आणि आपल्या किल्लीसाठी खाचा अपुऱ्या. मग ज्या ज्या गोष्टींचा सूर ही व्यवस्था लावत होती, त्या सगळ्या एकदम बेसूर होतात. भूक जाते, झोप उडते, राग अनावर होतो, उगाच धास्ती वाटते. इतकी वर्षं दबलेली स्वप्नं उसळून वर येतात आणि ती बहुधा भयंकर असतात. काहींना घाम, डोकेदुखी, पोटदुखीही होते. हा त्रास साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात शिगेला पोचतो आणि दोनेक आठवड्यांत ओसरतो. झोपेची तक्रार महिनाभर किंवा जास्तही रेंगाळू शकते. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडतं, त्यामुळे हे सगळं गर्दसारखं एका झटक्यात येत नाही. अंगावर सावकाश चढतं.

मनोविकारांच्या वर्गीकरणाची अमेरिकी नियमावली १९९४च्या आवृत्तीत या त्रासाला मान्यता द्यायला तयार नव्हती. २०१३च्या आवृत्तीत ती मिळाली. म्हणजे तज्ज्ञांनाही हे पटायला वेळ लागला, तर बापाला दोष कसा द्यायचा?

मुलाचं वाक्य

आता त्या मुलाचं वाक्य पुन्हा बघू. ‘आठ दिवसांतच समजलं की मला त्याची गरज आहे.’ मी त्याला ते आठ दिवस एकेक करून सांगायला लावले. तिसऱ्या रात्री झोप नाही. चौथ्या दिवशी मेसमधलं ताट तसंच परत. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, तिने नेहमीचंच “जेवला का बाबू” विचारलं आणि तो तिच्यावर खेकसला. सहाव्या रात्री स्वप्नात आजोबांचं प्रेत उठून बसलं. आठव्या दिवशी त्याने खोलीत दार लावून ओढला, आणि तासाभरात सगळं शांत. तो जेवला, झोपला, आईला फोन करून गोड बोलला.

यातून त्याने काढलेला निष्कर्ष असा : ‘मी मुळातच चिडका, घाबरट आणि निद्रानाशाचा रोगी आहे. गांजा माझं औषध आहे.’

गांजा सोडण्यातली अवघड गोष्ट नेमकी ही आहे. दारूड्याचे हात कापतात तेव्हा त्याला, त्याच्या बायकोला, शेजाऱ्याला कळतं की ही दारूची करणी. गांजा सोडणारा चिडतो तेव्हा सगळ्यांना वाटतं की हा त्याचा स्वभाव. त्रास सौम्य आहे म्हणूनच तो ओळखू येत नाही. घरचे म्हणतात, ‘आधी निदान गप्प तरी बसायचा, आता तर अंगावर येतो.’ कधीकधी घरातलंच कुणी कंटाळून म्हणतं की त्यापेक्षा ओढत होता तेच बरं. मुलाला आपल्या मताला दुजोरा मिळतो, आणि पुन्हा चिलीम पेटते.

हे खरं की काही मुलांना मुळातच चिंतारोग, नैराश्य किंवा निद्रानाश असतो आणि त्यावरचा उतारा म्हणून ती गांजाकडे वळलेली असतात. त्यांना वेगळे उपचार लागतात. काहींना संशय येतो, कानात आवाज येतात. अशा वेळी एक दिवसही न दवडता मानसोपचारतज्ज्ञ गाठायला हवा. पण मूळचा आजार कोणता आणि गांजा सोडल्याचा त्रास कोणता, हे पहिल्या आठ दिवसांत कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी किमान महिनाभर थांबून पाहावं लागतं. वर सांगितलेल्या अभ्यासात चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर मेंदूतल्या त्या खाचा जवळपास पूर्ववत झाल्या होत्या. एखाद्याला आपला खरा स्वभाव कसा आहे हे पाहायचं असेल, तर त्या चार आठवड्यांनंतर पाहावा.

काय उपयोगी पडतं

गांजा सोडवणारी गोळी अजून निघालेली नाही. झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी डॉक्टर काही दिवस औषध देऊ शकतात, पण मुख्य उपचार बोलण्याचाच. का सोडायचा हे त्या माणसाच्याच तोंडून काढणं, तलफ कोणत्या वेळी, कोणत्या जागी आणि कुणाच्या संगतीत येते याची वही ठेवणं, आणि त्या वेळेसाठी दुसरं काही योजणं. याचा उपयोग किती होतो? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ४५० प्रौढांवरच्या एका अमेरिकी चाचणीत नऊ बैठकांचा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोक चार महिन्यांनी गांजापासून पूर्ण दूर होते. दोनच बैठका घेतलेल्यांत हे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास, आणि नुसती वाट पाहायला सांगितलेल्यांत ४ टक्क्यांच्या आत. आकडे दोन गोष्टी एकदम सांगतात. बोलण्याने फरक पडतो. आणि चांगला उपचार मिळूनही चारांपैकी तिघांना पहिल्या खेपेस पूर्ण जमत नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांचं ओढणं कमी मात्र झालेलं असतं. घरच्यांनी पहिल्या घसरणीलाच ‘गेला हातचा’ असं म्हणू नये, ते यासाठी.

त्या मुलाच्या बाबतीत आम्ही भिंतीवरचं साधं कॅलेंडर घेतलं. कोणत्या तारखांना झोप उडेल, कोणत्या आठवड्यात राग येईल, स्वप्नं कधी पडतील, हे आधीच लिहून ठेवलं आणि त्याची एक प्रत आईजवळ दिली. तंबाखूही त्याच दिवशी बंद करायची ठरली. खोली बदलली. दुसऱ्या खेपेला तो अकराव्या दिवशी घसरला, तिसऱ्या खेपेला महिना ओलांडला. राग तेव्हाही आला, पण आईने फोन ठेवताना म्हटलं, “आज सहावा दिवस आहे ना रे? येईल राग. जेव तू.” त्यानंतर तो पुन्हा एकदाही घसरला नाही, असं मी म्हणणार नाही. पदवी मात्र त्याने घेतली.

घरच्यांना आणखी एक भीती असते, कायद्याची. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा बाळगणं आणि ओढणं हा गुन्हा आहे. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. (या कायद्यातली गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यापुरती आहे, नुसती पानं तिच्यात येत नाहीत.) नाव बाहेर जाईल, मुलाचं करिअर बुडेल या धास्तीने घरं गप्प बसतात. पण याच कायद्याच्या ६४-अ कलमात सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण दिलं आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास येतात, आणि उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्यात आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. ही माहिती दारूबंदीच्या फलकांइतकी ठळकपणे खोल्या-मेसच्या गल्ल्यांतून लावलेली मी पाहिलेली नाही.

शिबिरांत मुलं मला आजही विचारतात, “मॅडम, खरं सांगा, लागतं का व्यसन?” मी त्यांना भीती घालत नाही, कारण घातलेली भीती पहिल्या झुरक्यानंतर काहीच न घडल्यावर खोटी ठरते आणि मग आपलं पुढचं काहीच ते ऐकत नाहीत. मी सांगते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना लागणार नाही. ज्याला लागेल त्याला ते लागलंय असं वाटणारही नाही. गांजा बंद केल्यावर आपला स्वभावच बिघडला, असं वाटेल. तेव्हा कधी सोडून पाहिलात आणि आठव्या दिवशी ‘आपल्याला याची गरजच आहे’ असं मनात आलं, तर तो निर्णय त्या दिवशी घेऊ नका. अजून तीन आठवडे थांबा, आणि तोवर कुणाशी तरी बोला.